फॉल सीलिंगमध्ये दुकानाचं भांडवल लटकवू नका!



मागच्या व्हिडिओत आपण उधारी वसुलीवर बोललो. त्यानंतर वाशीमच्या एका दुकानदार भाऊचा फोन आला. म्हणाले, "सर, उधारीचं समजलं. आता एक घरचं विचारतो. पुसद नाक्याकडं फ्लॅट घेतला. चाव्या मिळाल्या. आता आतलं काम करायचं आहे. इंटेरियरवाल्यानं दोन लाख दहा हजार सांगितले. जवळ पंचेचाळीस हजार आहेत. बाकीचे गल्ल्यातून काढू का पर्सनल लोन घेऊ?"

मी त्यांना विचारलं, "तिसरा पर्याय का नाही विचारत?"

"तिसरा कोणता?"

"पंचेचाळीस हजारातच घर सजवायचं."

भाऊ हसले. मग जरा थांबून म्हणाले, "सर, पण लोकं घर पाह्यतीन ना!"

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय, की यावर एकदा सविस्तर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही धंदा शिकवता, पडद्यांवर आणि रंगावर कधीपासून बोलायला लागलात? मित्रांनो, छोट्या धंद्यात घराचा खिसा आणि दुकानाचा खिसा एकाच शर्टाला असतो. घरात भोक पडलं की दुकानातून गळतं. म्हणून हा विषय धंद्याचाच आहे.

आधी माझीच चूक सांगतो

दुसऱ्याला शहाणपणा सांगण्याआधी स्वतःचं सांगावं. ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी माझं आपल्या जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, औषधं. फ्लॅट घेतला, पाडव्याला ताबा मिळाला. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश करायचा ठरलं. ठेकेदारानं मोबाईलवर फोटो दाखवले. हॉलला फॉल सीलिंग, त्यात निळी लाईट, टीव्हीमागं चकचकीत पॅनल. सुरुवातीला आकडा एक लाख वीस हजार होता. "आता एवढं करताच आहात तर किचन पण करून घ्या", "पॅनल केलं तर सोफा जुना कसा दिसेल", असं करत करत दोन लाखांच्या वर गेला. पैसे कुठून आले? गल्ल्यातून. मनात म्हटलं, सीझनला निघून येतील.

आता तुम्ही शेतीच्या धंद्यातले असाल तर पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. अक्षय तृतीया एप्रिल-मेमध्ये येते. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला. म्हणजे कृषी केंद्राला सगळ्यात जास्त रोख ज्या महिन्यात लागते, त्याच्या बरोबर आधीच्या महिन्यात मी दोन लाख रुपये छताला चिकटवले होते. डिस्ट्रिब्युटरला ॲडव्हान्स वेळेवर गेला नाही. मागणी असलेलं सोयाबीनचं बियाणं समोरच्या दुकानाला मिळालं. माझ्याकडं अकरा वर्षं येणारा एक म्हातारा शेतकरी दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "भाऊ, यंदा तुमच्यापाशी मालच नाही, मंग आमी कुठी जाव?" आणि तो रस्ता ओलांडून समोर गेला. त्याच्या मागं बाकीचे पण गेले.

रात्री मी त्या निळ्या लाईटखाली पडून छताकडं पाहत होतो. छत छान होतं. झोप येत नव्हती. गेलेली गिऱ्हाइकं परत यायला तीन हंगाम लागले. सगळी आली नाहीत.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं, आणि ते आज मी जोर देऊन मांडतोय: घर जरूर सजवा, चांगलं सजवा, पण घराच्याच पैशानं सजवा. आणि घराचा पैसा कमी असेल तर कमी पैशात सजवणं हा कमीपणा नाही, तो हिशोबीपणा आहे.

दीड लाखाचा खरा भाव किती?

चला, गणित करू. वही-पेन घ्या.

पहिला पर्याय, पर्सनल लोन. दीड लाख रुपये, समजा १६ टक्के व्याज, ३ वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण ५,२७४ रुपये. ३६ हप्त्यांचे होतात जवळपास १ लाख ९० हजार. म्हणजे ४० हजार रुपये नुसतं व्याज. ज्या भाऊंकडं घर सजवायला पंचेचाळीस हजार होते, ते जवळजवळ तेवढंच फक्त व्याजात देणार!

दुसरा पर्याय, गल्ला. बऱ्याच जणांना वाटतं, गल्ल्यातून घेतले तर व्याज नाही. इथंच फसगत होते. दीड लाखाचा माल दुकानात आहे, त्यावर १२ टक्के मार्जिन सुटतं आणि तो माल वर्षातून ६ वेळा फिरतो, असं धरा. एका फेरीला १८ हजार, सहा फेऱ्यांना १ लाख ८ हजार. त्यातून भाडं, पगार, लाईट बिल जाईल, मान्य. पण तो पैसा काढून घेतला तर भाडं आणि पगार थांबणार आहेत का? नाही. म्हणजे गल्ल्यातलं "बिनव्याजी" कर्ज बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडलं.

त्यात आपल्या भागाचा स्वभाव लक्षात घ्या. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत बाजाराची नाडी सोयाबीनवर चालते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि बाजारात कित्येक दिवस भाव त्याच्या खालीच होता. शेतकऱ्याच्या हातात पैसा कमी आला की कापड दुकान, हार्डवेअर, मोबाईल शॉपी, सलून, सगळ्यांची उधारी अडकते. अशा वर्षी ज्याच्या गल्ल्यात रोख शिल्लक आहे तोच टिकतो. छताला लावलेलं पीओपी खरवडून डिस्ट्रिब्युटरला देता येत नाही, भाऊ!

एक नवी वस्तू दहा खर्च सोबत आणते

अठराव्या शतकात दिदेरो नावाचा एक फ्रेंच लेखक होऊन गेला. १७६९ च्या सुमारास त्यानं आपल्या जुन्या झग्याच्या आठवणीत एक गमतीदार लेख लिहिला. त्याला कोणीतरी सुंदर नवा झगा भेट दिला. झगा घातल्यावर त्याला घरातली खुर्ची जुनाट दिसायला लागली. खुर्ची बदलली. मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. शेवटी सगळं घर नवं झालं. पुढं अभ्यासकांनी या प्रकाराला त्याचंच नाव दिलं, दिदेरो इफेक्ट.

माझ्या बाबतीत तो झगा म्हणजे टीव्हीचं पॅनल होतं. तुमच्या बाबतीत काय आहे ते बघा. मॉड्युलर किचन? कोपऱ्याचा सोफा? ती एक वस्तू ओळखा. ती आली की बाकीचं घर जुनं दिसणार आहे. त्यामुळं तिचा भाव दुकानात लिहिलेला नसतोच. तिच्या मागं येणारी सगळी वरात मोजावी लागते.

मग पंचेचाळीस हजारात काय होतं?

भरपूर होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही. मी पाच पायऱ्या सांगतो: दुरुस्ती, हवा-उजेड, रंग, साठवण, शोभा. बहुतेक लोक पाचव्या पायरीपासून सुरू करतात आणि पहिलीपर्यंत पैसे पोहोचतच नाहीत.

पहिली पायरी, दुरुस्ती. बाथरूमच्या भिंतीची ओल, गळका नळ, खिडकीची फाटकी जाळी, वायरिंग. ओल असलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारा, पावसाळ्यानंतर पापुद्रे निघणारच. आणि वायरिंग, अर्थिंग, गॅसची नळी या तीन ठिकाणी काटकसर करायचीच नाही. तिथं पैसा वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कूलर चालतो त्या खोलीत तर अर्थिंग तपासूनच घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. लिकेज झालं की लगेच लाईट बंद करणारं आरसीसीबी नावाचं एक बटण मिळतं, ते इलेक्ट्रिशियनला विचारून बसवा. घरातली ही सगळ्यात महत्त्वाची "सजावट" आहे, जरी ती पाहुण्याला दिसत नसली तरी.

दुसरी पायरी, हवा आणि उजेड. पुण्या-मुंबईच्या इंटेरियरच्या व्हिडिओत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे आपला कूलर! आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. चार महिने हॉलची एक खिडकी कूलरची असते. म्हणून फर्निचर ठरवायच्या आधी कूलरची जागा ठरवा. पाणी कसं भरणार, हवा बाहेर कुठून जाणार, हे बघा. कूलरसमोर भुशाच्या बोर्डाचं कपाट किंवा शोकेस ठेवू नका. दमट हवेनं ते बोर्ड फुगतं, दोन उन्हाळ्यांत दाराचे बिजागर निखळतात.

सगळ्यात वरच्या मजल्यावर घर असेल तर सोसायटीची परवानगी घेऊन उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारा. फॉल सीलिंगवाला सांगेल की त्यानं घर थंड राहतं. थोडाफार फरक पडतो, खोटं नाही. पण ऊन स्लॅबमध्ये शिरल्यावर अडवण्यापेक्षा स्लॅबवरच अडवलेलं स्वस्त पडतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा टाका.

पंखा घ्यायचाच असेल तर कमी विजेचा बीएलडीसी पंखा बघा. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १४ तास आणि वर्षातले २४० दिवस धरले तर एका पंख्यामागं दीडशे युनिट वाचतात. तुमच्या बिलातल्या दरानं गुणा करा. ही वस्तू स्वतःचे पैसे स्वतः फेडते. फॉल सीलिंगमधली निळी लाईट काय फेडते?

उजेडाचं सोपं सूत्र आहे. खोलीत एकच मोठी ट्यूब लावून दवाखाना करू नका. एक वरची लाईट आणि एक कोपऱ्यात पिवळसर एलईडी बल्ब. संध्याकाळी फक्त तो बल्ब लावून पाहा, तीच खोली वेगळी दिसेल.

तिसरी पायरी, रंग. कमी पैशात सगळ्यात जास्त बदल रंगानं होतो. पूर्ण घराला एकच फिकट रंग घ्या. ऑफ-व्हाईट, फिकट बदामी, काहीही. एकच रंग घेतला की डबे कमी लागतात, उरलेला रंग पुढं डाग झाकायला कामी येतो आणि छोट्या खोल्या मोठ्या वाटतात. फार हौस असेल तर एकच भिंत गडद करा. चार खोल्यांत चार टेक्स्चर करू नका.

चौथी पायरी, साठवण. आपल्या घरांचा खरा प्रश्न पसारा आहे, आणि आपण त्यावर औषध म्हणून शोपीस आणतो. गव्हाची कोठी, तांदळाचे कट्टे, पापड-कुरडयांचे डबे, गोधड्या, लग्नात आलेली भांडी, मुलांची पुस्तकं. या सगळ्याला जागा मिळाली की घर आपोआप देखणं होतं. लोखंडी कपाट जुन्या बाजारातून घ्या, घासून रंगवून घ्या, नव्यासारखं होतं. दारांच्या वर सलग फळी ठोका. पलंग घ्यायचा तर पेटीचा घ्या. आणि नवं कपाट घेण्याआधी घरातल्या ज्या वस्तूला दोन दिवाळ्या हात लागला नाही ती बाहेर काढा. निम्मं फर्निचर वाचतं.

पाचवी पायरी, शोभा. पडदे रेडिमेड घेऊ नका. पाटणी चौकातल्या कोणत्याही कापड दुकानात मीटरनं कापड घ्या आणि आपल्या शिंप्याकडून शिवून घ्या. रॉड खिडकीच्या सहा इंच वर लावा, पडदा जमिनीपर्यंत सोडा, खोली उंच वाटते. आजीची सुती लुगडी असतील तर त्यांचे पडदे करा, जुन्या साड्यांची गोधडी सोफ्यावर टाका. खिडकीत तुळस, कोपऱ्यात मनीप्लांट. झालं.

आता हे पैशात बसवू. साडेचारशे चौरस फुटांचा वन बीएचके धरा.

- दुरुस्ती आणि वायरिंग तपासणी: ८,००० रुपये
- पंखा आणि लाईट: ६,००० रुपये
- रंग, मजुरीसकट: १६,००० रुपये
- साठवण: ९,००० रुपये
- पडदे, खोळी, चादरी: ४,००० रुपये
- एक मनापासून आवडलेली वस्तू: २,००० रुपये

एकूण ४५,००० रुपये. तुमच्या गावचे दर थोडे वर-खाली असतील, घराची अवस्था वेगळी असेल. आकडे बदला, क्रम बदलू नका. आणि घर भाड्याचं असेल तर भिंतीत एक रुपया घालू नका. उचलून नेता येईल तेच घ्या.

हे सगळं एकदम करायची पण गरज नाही. गृहप्रवेशाच्या आधी फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा. उरलेलं दसरा-दिवाळीला, बाजारात सोयाबीनचा पैसा खेळायला लागल्यावर करा. सहा महिने रिकाम्या घरात राहिलात की घरच तुम्हाला सांगतं, इथं फळी पाहिजे, इथं नको. आधीच सगळं ठोकून टाकलं तर ते सांगायला जागाच राहत नाही.

"पण लोकं काय म्हणतीन?"

आता येऊ भाऊंच्या मूळ प्रश्नाकडं. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडं मुलीला पाहायला पाहुणे येतात तेव्हा पोह्यांबरोबर भिंती पण पाहतात. व्याही येतात, बँकेचा माणूस येतो. घरातल्या बाईनं वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेली असतात, तिला आता एक नीटनेटकं घर हवं असतं. ही हौस चुकीची आहे असं जो म्हणतो त्यानं कधी भाड्याच्या घरात खिळा ठोकायला मालकाची परवानगी मागितलेली नसावी. हौस खरी आहे, मी तिच्या बाजूनं आहे.

पण मला सांगा, पाहुण्याच्या लक्षात काय राहतं? स्वच्छ भिंती, आवरलेलं घर, पुरेसा उजेड, वाऱ्याची जागा, थंड पाणी. छताला किती कोपरे होते हे त्याला घरी जाईपर्यंत आठवत नाही. आणि तोच पाहुणा बाजारात तुमच्याबद्दल विचारतो तेव्हा लोक सीलिंगचं नाही सांगत. "त्यांचा चेक कधी परत गेला नाही" किंवा "सध्या जरा ओढाताण चाललीय म्हणे", यातलं एक वाक्य सांगतात. इभ्रत कुठल्या वाक्यात आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि आपण वाशीमकर आहोत हे विसरू नका. ज्याला आपण आज वाशीम म्हणतो ते एकेकाळचं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं, तसा शिलालेख तिथं आहे. अजिंठ्याच्या भिंती कशानं सजवल्या? माती, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि बहुतेक रंग माती-दगडातून काढलेले. गेरू, पिवळी माती, काजळी. दूरवरून आणलेली महागाची गोष्ट म्हणजे निळ्या रंगासाठीचा लाजवर्द दगड. दीड हजार वर्षांनी जग ते बघायला येतं. राजाचा मंत्रीसुद्धा भिंतीला आधी मातीच लावत होता, मग आपल्याला साध्या भिंतीची लाज कशाला?

स्वस्तात म्हणजे कुणाच्या पोटावर पाय देऊन नाही

इथं मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. बजेट कमी आहे म्हटलं की आपण पहिला घासाघीस कुणाशी करतो? रंगाऱ्याशी, सुताराशी, शिंप्याशी. ऑनलाईन घड्याळ छापील भावात घेतो आणि रंगाऱ्याचे शेवटचे पाचशे रुपये तीन चकरा मारायला लावून देतो. अरे, हे वाचणाऱ्यांमध्ये निम्मे तर तुम्हीच आहात, सुतारकाम करणारे, शिवणकाम करणाऱ्या ताई, इलेक्ट्रिशियन! तुमच्या मजुरीत कोणी हात घातला की कसं वाटतं?

माझा नियम साधा आहे. काम कमी सांगा, पण सांगितलेल्या कामाचे पूर्ण आणि वेळेवर पैसे द्या. बचत यादी छोटी करून करायची, मजुरी छोटी करून नाही.

ती "एक मनापासून आवडलेली वस्तू" मी यादीत मुद्दाम ठेवली आहे. तिचे दोन हजार कुठं खर्च करायचे हेही सांगतो. आपल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आसपासच्या तांड्यांवरच्या मोठ्या बायांच्या हातात अजून आरशांचं, कवड्यांचं भरतकाम आहे. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन मिळालं, देशभर त्याचं नाव झालं. आणि आपण भिंतीवर काय लावतो? दुसऱ्या देशातल्या पुलाचा छापील फोटो! त्यापेक्षा तांड्यावर जा, ताईंना भाव विचारा, त्या सांगतील तो द्या, आणि भरतकामाचा एकच तुकडा फ्रेम करून हॉलमध्ये लावा. पाहुणा विचारेल, "हे कुठून आणलं?" तुमच्या निळ्या लाईटबद्दल हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

आणि यात धंदा पण आहे!

आता चॅनलच्या सवयीप्रमाणं शेवटी धंद्याची गोष्ट.

मोठ्या शहरात इंटेरियर डिझायनर असतात. आपल्याकडं एक तर दोन लाखांचा ठेकेदार, नाहीतर "स्वतःच बघा". मधली जागा रिकामी आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या २०१५ च्या शहरी टप्प्यात दुर्बल घटकासाठीचं घर ३० चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्राचं होतं, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट. ग्रामीण योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं. घर उभं राहतं, पण आत चार भिंतीच असतात. या कुटुंबाला दोन लाखांचं पॅकेज कोण देणार? त्याला पाहिजे पंधरा-वीस हजारांत, तीन दिवसांत, एक खोली नीट करून देणारा माणूस.

तो माणूस तुम्ही व्हा. एक रंगारी, एक इलेक्ट्रिशियन, एक सुतार, एक शिवणकाम करणारी ताई, अशी चौघांची टीम बांधा. पहिल्या भेटीची ठरलेली फी घ्या, समजा ५०० रुपये. सामान गिऱ्हाइकानं स्वतः दुकानातून बिलावर घ्यावं, तुम्ही यादी द्यायची. तुमची फी वेगळी, उघड, आधी सांगितलेली. दुकानदाराकडून मागच्या दारानं कमिशन खाऊ नका. छोट्या गावात ते आठ दिवसांत कळतं आणि मग पुढचं काम मिळत नाही. पहिल्या तीन घरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो, घरमालकाची परवानगी घेऊन, हीच तुमची जाहिरात.

त्या भाऊंचं काय झालं?

मी त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी मिसेसला फोन देतो, तुम्हीच सांगा." वहिनी फोनवर आल्या. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, मले सीलिंग नाहीच पाह्यजे होतं. मले फक्त किचनमध्ये वरतून एक सलग फळी पाह्यजे, अन् खिडकीले जाळी. हे यायनंच ठरवलं होतं लोकायसाठी."

मित्रांनो, दीड लाखाच्या वर कर्ज निघणार होतं, आणि घरात ज्या व्यक्तीसाठी ते निघणार होतं तिला विचारलंच नव्हतं!

म्हणून आजचा गृहपाठ. आज संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलात की एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजीला आणि लेकरांना पण, एकच प्रश्न विचारा, "या घरात तुला रोज कशाचा त्रास होतो?" काय आवडेल हे विचारू नका, त्रास कशाचा होतो हेच विचारा. जी यादी येईल तेच तुमचं इंटेरियर. त्यातलं निम्मं दोन-तीन हजारांत सुटेल, लिहून ठेवा.

आणि तो कागद गल्ल्यात ठेवू नका. घराच्या कपाटात ठेवा. घराचा हिशोब घरात, दुकानाचा दुकानात.

तुमच्या यादीत पहिल्या नंबरवर काय आलं ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण घरखर्च आणि धंद्याची खाती वेगळी कशी करायची, ते अगदी वही उघडून, रकाने आखून बघू.

तोपर्यंत धंदा जपा, घर जपा.